गुस्टाव्ह स्टिकली

गुस्टाव्ह स्टिकली (९ मार्च १८५८ – एप्रिल १९४२) हे अमेरिकन फर्निचर निर्माते, गृहरचनाकार, प्रकाशक आणि अमेरिकेतील कला व हस्तकला चळवळीचे एक प्रमुख प्रवर्तक होते. १९०१ ते १९१६ या काळात त्यांनी 'द क्राफ्ट्समन' हे मासिक चालवले. या मासिकाच्या नावावरूनच अमेरिकेतील एका गृहशैलीला क्राफ्ट्समन शैली असे नाव पडले. आज अमेरिकेत घरासाठी क्राफ्ट्समन पद्धतीचा प्रवेशदरवाजा निवडला जातो, तेव्हा त्या शब्दामागे स्टिकली यांचे मासिक, त्यांचे कारखाने आणि त्यांनी प्रसिद्ध केलेले घरांचे आराखडे यांचा इतिहास असतो.

स्टिकली हे शिक्षणाने वास्तुविशारद नव्हते. दगडकाम आणि खुर्च्या बनवण्याच्या कामातून ते पुढे आले. सामान्य कुटुंबाचे घर साधे, टिकाऊ आणि सुंदर असावे, त्यातील लाकूड लाकडासारखे दिसावे आणि प्रत्येक सांधा आपले काम उघडपणे करताना दिसावा, हा विचार त्यांनी फर्निचरपासून घराच्या उंबऱ्यापर्यंत नेला. मात्र ज्या व्यवसायाच्या आधारावर त्यांनी हा विचार पसरवला, तो १९१५ मध्ये दिवाळखोरीत गेला. आयुष्याची शेवटची सुमारे २५ वर्षे त्यांनी जवळजवळ विस्मरणात काढली.

प्रारंभिक जीवन

स्टिकली यांचा जन्म अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ओसिओला येथे झाला. त्यांचे आईवडील, लिओपोल्ड आणि बार्बरा, जर्मनीहून आलेले स्थलांतरित होते. कुटुंबाचे मूळ आडनाव श्टोकेल असे होते, पुढे त्याचे स्टिकली झाले. कुटुंब मोठे होते आणि मिळकत बेताची होती. वडील शेती आणि दगडी बांधकाम करत. गुस्टाव्ह यांना लहानपणीच शाळा सोडून वडिलांच्या हाताखाली दगडकामाला लागावे लागले. हे काम अतिशय कष्टाचे होते. दगडाच्या तुलनेत लाकूड हे हाताला दाद देणारे द्रव्य आहे, ही जाणीव त्यांना पुढे खुर्च्यांच्या कारखान्यात आली.

१८७० च्या दशकाच्या मध्यात आई मुलांना घेऊन पेनसिल्व्हेनिया राज्यातील ब्रँट या गावी गेली. तेथे तिच्या भावाचा खुर्च्यांचा कारखाना होता. या मामाच्या कारखान्यात गुस्टाव्ह यांनी लाकूड कापणे, रंधणे, सांधणे आणि खुर्चीची बैठक विणणे अशी कामे शिकून घेतली. त्यांचे धाकटे भाऊही याच व्यवसायात आले. पुढील काळात गुस्टाव्ह, चार्ल्स, अल्बर्ट, लिओपोल्ड आणि जॉन जॉर्ज हे पाचही भाऊ फर्निचरच्या धंद्यात होते. कधी ते भागीदार होते, तर कधी एकमेकांचे स्पर्धक.

व्यवसायाची सुरुवात

१८८३ मध्ये गुस्टाव्ह यांनी चार्ल्स आणि अल्बर्ट या भावांसह पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहॅना येथे स्टिकली ब्रदर्स अँड कंपनी ही पेढी सुरू केली. त्याच वर्षी त्यांचा विवाह एडा अ‍ॅन सिमन्स यांच्याशी झाला. या दांपत्याला पाच मुली आणि एक मुलगा अशी सहा अपत्ये झाली. पेढी लवकरच न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे हलवण्यात आली. १८८८ मध्ये भावांची ही भागीदारी संपली आणि गुस्टाव्ह यांनी एल्गिन सायमंड्स यांच्याबरोबर नवी पेढी काढली. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीस काही काळ ते ऑबर्न येथील राज्य तुरुंगातील उत्पादन विभागाचे प्रमुख होते.

या काळातील त्यांचे फर्निचर बाजारातील चालू आवडीला धरून होते. जुन्या युरोपीय आणि अमेरिकन वसाहतकालीन नमुन्यांच्या नकला, कातलेले पाय, चिकटवलेली नक्षी आणि चकचकीत रोगण यांना मागणी होती आणि स्टिकली तेच पुरवत होते. सिरॅक्यूज शहराजवळील ईस्टवूड येथे त्यांचा कारखाना उभा राहिला. १८९८ मध्ये सायमंड्स यांच्याशी असलेली भागीदारी संपवून त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी सुरू केली.

१८९० च्या दशकात त्यांनी युरोपचा प्रवास केला. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन आणि विल्यम मॉरिस यांच्या विचारांतून उभी राहिलेली कला व हस्तकला चळवळ त्या वेळी जोरात होती. यंत्रयुगातील कामगार आपल्या कामापासून तुटला आहे आणि त्यामुळे वस्तूही निकृष्ट झाल्या आहेत, असे या चळवळीचे प्रतिपादन होते. चळवळीने स्टिकली यांच्यावर खोल परिणाम केला. वयाच्या चाळिशीत, चालता धंदा हाताशी असताना, त्यांनी आपल्या मालाचे स्वरूपच बदलण्याचे ठरवले.

नवे फर्निचर

१९०० च्या उन्हाळ्यात मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथील फर्निचर बाजारात स्टिकली यांनी नव्या पद्धतीचे फर्निचर मांडले. शिकागोच्या टोबी फर्निचर कंपनीने ते सुरुवातीला विक्रीस घेतले. १९०१ पासून त्यांनी आपल्या कारखान्यासाठी युनायटेड क्राफ्ट्स हे नाव वापरले. कामगारांना नफ्यात वाटा देण्याचा मानसही त्यामागे होता. पुढे हे नाव मागे पडून क्राफ्ट्समन वर्कशॉप्स हे नाव रूढ झाले. सुताराचा कंपास हे त्यांच्या मालाचे चिन्ह होते. त्यात, आपल्या कुवतीप्रमाणे उत्तम काम करावे अशा आशयाचे जुने फ्लेमिश बोधवाक्य घातलेले असे.

या फर्निचरमध्ये प्रामुख्याने पांढऱ्या ओकचे लाकूड वापरले जाई. ओंडका केंद्रापासून बाहेरच्या दिशेने, त्रिज्येला अनुसरून कापला जाई. अशा कापणीत लाकूड अधिक वाया जाते, मजुरीही वाढते. परंतु अशी फळी कमी फुगते, कमी वाकते आणि तिच्या पृष्ठभागावर ओकमधील किरणपेशींचे चमकदार पट्टे दिसतात. कोरीव नक्षीची जागा या नैसर्गिक रेषांनी घेतली.

रंगासाठी लाकडावर जाड थर न देता ते बंद खोलीत तीव्र अमोनियाच्या वाफेत ठेवले जाई. ओकमधील टॅनिनशी अमोनियाची रासायनिक क्रिया होऊन लाकडाला तपकिरी छटा येते. ही छटा लाकडाच्या आत मुरते आणि रेषा झाकल्या जात नाहीत. सांधे करताना एका लाकडात आरपार भोक पाडून दुसऱ्या लाकडाचे कूस त्यात बसवले जाई, कुसाचे टोक बाहेर दिसू दिले जाई आणि लाकडी खुंटीने ते पक्के केले जाई. खिळा किंवा नक्षीपट्टी लावून सांधा लपवण्याची प्रथा त्यांनी नाकारली. १९०२ पासून कारखान्यात धातुकामाचा विभागही सुरू झाला. तेथे ठोकलेल्या तांब्याच्या व लोखंडाच्या मुठी, कड्या, बिजागऱ्यांच्या पट्ट्या आणि दिवे तयार होऊ लागले.

'द क्राफ्ट्समन' मासिक

ऑक्टोबर १९०१ मध्ये 'द क्राफ्ट्समन' मासिकाचा पहिला अंक निघाला. तो विल्यम मॉरिस यांना आणि दुसरा अंक जॉन रस्किन यांना वाहिलेला होता. सुरुवातीच्या अंकांतील बहुतांश लेखन सिरॅक्यूज विद्यापीठातील प्राध्यापिका आयरीन सार्जंट यांनी केले. मासिकाची वैचारिक बैठक घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. नंतरच्या काळात मेरी फँटन रॉबर्ट्स यांनी संपादनाची महत्त्वाची जबाबदारी सांभाळली.

मासिकाचा आवाका केवळ फर्निचरपुरता नव्हता. वास्तुकला, बागकाम, शेती, विणकाम, मुलांचे हस्तकलेचे शिक्षण, मूलनिवासी अमेरिकन लोकांच्या कला आणि सामाजिक सुधारणा अशा विषयांना त्यात जागा मिळे. लुई सलिव्हन आणि आयर्व्हिंग गिल या वास्तुविशारदांचे लेखन त्यात आले. वाचकाने स्वतः करून पाहावे यासाठी टेबल, कपाट किंवा तांब्याची वस्तू कशी बनवावी याच्या आकृत्याही दिल्या जात. आपल्याच मालाचे नमुने स्वतः बनवण्याची रीत ग्राहकाला शिकवणारा कारखानदार त्या काळीही विरळाच होता.

सिरॅक्यूज येथील घर

डिसेंबर १९०१ मध्ये सिरॅक्यूजमधील कोलंबस अ‍ॅव्हेन्यूवरील स्टिकली यांच्या घराला आग लागली. बाहेरून हे घर त्या काळातील इतर घरांसारखेच होते. आतील भाग पुन्हा बांधताना स्टिकली यांनी लहान लहान खोल्यांची रचना मोडून खालचा मजला मोकळा केला. उघड्या तुळया, भिंतींवर रुंद लाकडी फळ्या, भिंतीतच बसवलेली बाके आणि साधी शेकोटी अशी त्याची मांडणी होती. मासिकातून या घराची माहिती प्रसिद्ध झाली. क्राफ्ट्समन पद्धतीच्या अंतर्गत रचनेचे हे पहिले पूर्ण उदाहरण मानले जाते.

१९०३ मध्ये वास्तुविशारद आणि चित्रकार हार्वी एलिस हे स्टिकली यांच्याकडे कामाला आले. त्यांनी जड दिसणाऱ्या फर्निचरला हलकी वळणे दिली आणि लाकडात धातू व वेगळ्या रंगाचे लाकूड जडवण्याचे नाजूक काम सुचवले. त्यांची घरांची रेखाचित्रेही मासिकात आली. जानेवारी १९०४ मध्ये एलिस यांचे निधन झाले. त्यांचा सहवास एका वर्षापेक्षाही कमी काळाचा असला, तरी स्टिकली यांच्या पुढील कामातील प्रमाणबद्धतेवर त्यांचा ठसा राहिला.

क्राफ्ट्समन घरे

१९०३ च्या अखेरीस मासिकाने गृहबांधणी मंडळाची घोषणा केली आणि १९०४ पासून घरांचे आराखडे नियमितपणे प्रसिद्ध होऊ लागले. मासिकाच्या वर्गणीदाराला घराचा संपूर्ण नकाशा विनामूल्य मागवता येई. १९१६ पर्यंत अशा २०० हून अधिक घरांचे आराखडे प्रसिद्ध झाले. त्यांतील निवडक आराखडे 'क्राफ्ट्समन होम्स' (१९०९) आणि 'मोअर क्राफ्ट्समन होम्स' (१९१२) या पुस्तकांत एकत्र करण्यात आले.

वास्तुविशारदाची फी परवडत नसलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबासाठी ही मोठी सोय होती. घर परिसरातील दगड, वीट आणि लाकूड वापरून बांधावे, खोल्यांची संख्या कमी पण त्या मोकळ्या असाव्यात, शेकोटी हे घराचे केंद्र असावे आणि गृहिणीचे श्रम वाचतील अशी स्वयंपाकघराची मांडणी असावी, ही या आराखड्यांची सूत्रे होती. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली आणि एरवी बंद असलेली दिवाणखान्याची खोली स्टिकली यांना अनावश्यक वाटे. तिच्याऐवजी संपूर्ण कुटुंब वापरील अशी एक मोठी बैठकीची खोली त्यांनी सुचवली.

प्रवेशद्वाराविषयी विचार

दिवाणखाना गेला की घराच्या प्रवेशाचा प्रश्न नव्याने उभा राहतो. व्हिक्टोरियन काळातील अमेरिकन घरात दरवाजा उघडल्यावर प्रथम एक अरुंद, अंधारी जागा लागे. तेथे जिना आणि टोप्या अडकवण्याची खुंटाळी असे आणि पाहुणा तेथूनच दिवाणखान्यात वळवला जाई. घराचे पहिले दर्शन अशा जागेने व्हावे हे स्टिकली यांना मान्य नव्हते. त्यांच्या अनेक आराखड्यांत प्रवेश थेट बैठकीच्या खोलीत किंवा तिला जोडून असलेल्या मोकळ्या दालनात होतो. थंड प्रदेशात दरवाजा उघडताच गार वारा आत शिरू नये म्हणून काही आराखड्यांत छोटी आडखोली दिलेली आढळते. दरवाजाबाहेर छपराखालचा ओटा असे. तो ऊन, पाऊस व बर्फ यांपासून दाराचे रक्षण करी आणि रस्ता व घर यांच्यामधील विसाव्याची जागाही होई.

अशा घराचा दरवाजा हा भिंतीचा नुसता अडसर राहत नाही. तो बैठकीच्या खोलीतील सर्वांत मोठ्या लाकडी वस्तूंपैकी एक ठरतो. म्हणूनच फर्निचरला लावलेली कसोटीच दरवाजाला लागू झाली. स्टिकली यांच्या पद्धतीच्या दरवाजात पुढील वैशिष्ट्ये आढळतात:

– दरवाजा रुंद आणि दिसायला भारदस्त असतो. उभ्या फळ्या किंवा सपाट उभी पॅनेल यांनी तो घडवलेला असतो. कोरीव किंवा फुगीर पॅनेल नसतात.

– वरच्या भागात लहान चौकोनी तावदानांची एक ओळ असते. त्यामुळे आत उजेड येतो आणि खालचा भाग बंद असल्याने घराचा आडोसाही राहतो.

– लाकूड ओकसारखे रेषादार असते आणि त्याचा रंग त्या रेषा झाकत नाही.

– बिजागऱ्यांच्या लांब पट्ट्या, अंगठ्याने उचलायची कडी आणि ठोठावण्याची कडी ठोकलेल्या लोखंडाची किंवा तांब्याची असते.

या वैशिष्ट्यांपैकी बरीचशी लाकडाच्या स्वभावातून आलेली आहेत. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते, आणि हा बदल मुख्यतः फळीच्या रुंदीत होतो. उभ्या फळ्यांच्या कडांना उतार देऊन त्या एकमेकींना भिडवल्या की त्यांच्यामध्ये इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच राहते. ऋतुमानाप्रमाणे पडणारी फट त्या खाचेत मिसळून जाते आणि दोष न वाटता रचनेचा भाग वाटते. चौकटीच्या दरवाजात पॅनेल चिकटवून न टाकता खाचेत मोकळे ठेवले जाते. त्यामुळे ते फुटत नाही. लांब पट्ट्यांच्या बिजागऱ्या मुळात फळ्यांच्या दरवाजाचा भार पेलण्यासाठी होत्या. त्या भक्कम असत, म्हणून त्या लपवण्याची गरज नव्हती.

क्राफ्ट्समन फार्म्स

१९०५ मध्ये स्टिकली यांनी आपले मुख्य कार्यालय न्यूयॉर्क शहरात नेले. १९०८ पासून न्यू जर्सी राज्यातील पार्सिपनी परिसरात त्यांनी जमीन खरेदी करण्यास सुरुवात केली. पुढे ती सुमारे ६५० एकरांपर्यंत वाढली. या जागेला त्यांनी क्राफ्ट्समन फार्म्स हे नाव दिले. मुलांनी तेथे राहून शेती, बांधकाम आणि हस्तकला प्रत्यक्ष कामातून शिकावी, अशी शाळा काढण्याची त्यांची कल्पना होती. स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिलेल्या या उद्योजकाच्या दृष्टीने हाताचे काम आणि बुद्धीचे शिक्षण यांची फारकत हाच समाजाचा मोठा दोष होता.

शाळेच्या सामुदायिक वापरासाठी ओंडक्यांचे एक मोठे घर बांधण्यात आले. त्यासाठी परिसरातील चेस्टनट वृक्षांचे ओंडके वापरले गेले. त्यातील लांबलचक बैठकीच्या खोलीत तांब्याची धुराडी असलेल्या शेकोट्या होत्या. १९११ च्या सुमारास स्टिकली कुटुंब याच घरात राहायला आले. फळबागा, दुभती जनावरे आणि भाजीपाला यांनी शेत भरले, परंतु शाळा मात्र कधीच सुरू झाली नाही.

विस्तार आणि दिवाळखोरी

१९१३ मध्ये स्टिकली यांनी न्यूयॉर्कमधील ईस्ट ३९ व्या रस्त्यावर १२ मजली इमारत भाड्याने घेऊन तिला क्राफ्ट्समन बिल्डिंग असे नाव दिले. तेथे फर्निचर, गालिचे आणि धातुकाम यांची दालने, घरबांधणीच्या साहित्याचे कायमस्वरूपी प्रदर्शन, मासिकाचे कार्यालय, वाचनालय आणि व्याख्यानांची जागा होती. सर्वांत वरच्या मजल्यावरील उपाहारगृहात क्राफ्ट्समन फार्म्सवरील दूध व भाजीपाला वापरला जाई. घर बांधू इच्छिणाऱ्याने एकाच छताखाली सर्व काही पाहावे आणि निवडावे, ही त्यामागील योजना होती.

इमारतीचा खर्च व्यवसायाला पेलवला नाही. याच सुमारास लोकांची आवड बदलत होती. वसाहतकालीन शैलीच्या पुनरुज्जीवनामुळे हलक्या, रंगवलेल्या आणि नाजूक फर्निचरला मागणी वाढली आणि ओकचे जड फर्निचर जुनाट वाटू लागले. स्टिकली यांच्या रचनांची नक्कल करून स्वस्त माल विकणारे अनेक कारखाने निघाले होते. त्यांचे स्वतःचे भाऊही स्पर्धेत होते. लिओपोल्ड आणि जॉन जॉर्ज यांची फेयेटव्हिल येथील पेढी तशाच धर्तीचे फर्निचर बनवत होती. मार्च १९१५ मध्ये गुस्टाव्ह यांच्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. डिसेंबर १९१६ च्या अंकानंतर मासिक बंद पडले. १९१७ मध्ये क्राफ्ट्समन फार्म्सही विकले गेले. कारखाना काही काळ भावांबरोबरच्या संयुक्त कंपनीत चालला. पुढे तो भावांकडे गेला आणि गुस्टाव्ह व्यवसायातून बाहेर पडले.

उत्तरायुष्य

१९१९ मध्ये एडा यांचे निधन झाले. गुस्टाव्ह सिरॅक्यूजमधील कोलंबस अ‍ॅव्हेन्यूवरील जुन्या घरी परतले. तेथे त्यांची थोरली मुलगी बार्बरा आपल्या कुटुंबासह राहत होती. लाकडाला रंग देण्याच्या नव्या पद्धतींचे प्रयोग त्यांनी उतारवयातही सुरू ठेवले, पण त्यातून पुन्हा व्यवसाय उभा राहिला नाही. एप्रिल १९४२ मध्ये सिरॅक्यूज येथे त्यांचे निधन झाले. ज्या घराच्या आगीनंतर त्यांच्या गृहरचनेच्या विचाराला आकार आला, त्याच घरात त्यांची अखेरची वर्षे गेली.

मूल्यमापन

स्टिकली यांच्या कामातील मुख्य विसंगती हस्तकला आणि यंत्र यांच्या नात्याची आहे. त्यांच्या कारखान्यात लाकूड कापणे, रंधणे आणि भोके पाडणे यासाठी यंत्रे वापरली जात. यंत्राने कंटाळवाणे कष्ट कमी करावेत आणि अखेरची जुळणी व सफाई कुशल हातांनी व्हावी, अशी त्यांची भूमिका होती. यंत्राविषयी रस्किन यांना वाटणारा तिटकारा त्यांच्या ठायी नव्हता. मात्र त्यामुळे मासिकातील हस्तकलेचा गौरव आणि कारखान्यातील प्रत्यक्ष उत्पादन यांत अंतर राहिले, अशी टीका झाली आहे.

दुसरी मर्यादा किमतीची होती. उत्तम ओक, वाया जाणारी कापणी आणि पक्के सांधे यांमुळे वस्तू महाग होत. श्रमिकाच्या प्रतिष्ठेचा आग्रह धरणारे हे फर्निचर सामान्य कामगाराच्या घरात क्वचितच पोहोचले. विनामूल्य आराखडे आणि स्वतः बनवण्याच्या आकृत्या हे या अडचणीवरचे स्टिकली यांचे उत्तर होते. त्यांच्या विचाराचा खरा प्रसारही फर्निचरपेक्षा मासिकातूनच अधिक झाला.

क्राफ्ट्समन शैलीच्या नावाबाबतही भेद करावा लागतो. काटेकोर अर्थाने, स्टिकली यांच्या मासिकातील आराखड्यांवरून बांधलेले घर तेच क्राफ्ट्समन घर होय. व्यवहारात मात्र हे नाव १९०० ते १९३० च्या दरम्यानच्या बहुतेक अमेरिकन बंगल्यांना लावले जाते. कॅलिफोर्नियातील चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या वास्तुविशारद बंधूंचे कामही याच नावाखाली ओळखले जाते. पॅसाडीना येथील त्यांच्या गॅम्बल हाउसचे (१९०८–०९) प्रवेशद्वार सागवानाचे असून त्यातील रंगीत काचेत पसरलेल्या फांद्यांच्या वृक्षाचे चित्र आहे. ते धनिकाच्या घरासाठी केलेले, एकमेव असे काम आहे. कोणत्याही गावातील सुताराला घडवता यावा असा साधा फळ्यांचा दरवाजा हे स्टिकली यांच्या विचाराचे दुसरे टोक होय.

आजचा क्राफ्ट्समन दरवाजा

अमेरिकेतील आजच्या बाजारात वरच्या सुमारे एकतृतीयांश भागात तीन किंवा सहा तावदाने, त्याखाली दातेरी पट्टीची अरुंद फळी आणि खाली दोन किंवा तीन सपाट उभी पॅनेल असलेल्या दरवाजाला क्राफ्ट्समन दरवाजा म्हणतात. घराच्या मुख्य दरवाजाचे तेथील प्रचलित माप ३६ इंच रुंद आणि ८० इंच उंच असे आहे. असे दरवाजे ओक, फर, महोगनी, पोलाद आणि फायबरग्लास यांत मिळतात. दातेरी फळी ही शैलीच्या व्यापक, लोकप्रिय रूपाशी जोडली गेलेली खूण आहे. ती नसलेला दरवाजाही या शैलीचा असू शकतो.

स्टिकली यांच्या तत्त्वांच्या कसोटीवर या पर्यायांचा विचार केला, तर काही गोष्टी स्पष्ट होतात. पुरेशा खोल ओट्याखाली असलेल्या दारासाठी लाकूड योग्य ठरते. थेट ऊन व पाऊस झेलणाऱ्या दाराचे रोगण लवकर खराब होते, लाकूड वाकते आणि देखभाल वाढते. त्यामुळे तेथे फायबरग्लास किंवा पोलाद व्यवहार्य असते. फायबरग्लासवर ओकच्या रेषांचा ठसा उठवणे हे मात्र एका द्रव्याला दुसऱ्याचे सोंग देणे आहे, आणि स्टिकली यांचा विरोध नेमका अशा सोंगाला होता. तोच दरवाजा साध्या रंगात ठेवल्यास ही विसंगती राहत नाही. एका सलग काचेवर पट्ट्या चिकटवून केलेली खोटी तावदाने आणि कोणताही भार न पेलणाऱ्या, वरून ठोकलेल्या बिजागरीपट्ट्या यांनाही हीच कसोटी लागते. तावदानांखालील फळीला बाहेरच्या बाजूने उतार असणे आवश्यक असते, अन्यथा पाणी साचून सांधे कुजतात.

अमोनियाने आणलेली तपकिरी छटा टॅनिन भरपूर असलेल्या पांढऱ्या ओकवरच चांगली उठते. फरसारख्या लाकडावर ती तशी येत नाही, म्हणून तेथे रंगद्रव्य वापरले जाते. शिवाय दरवाजाची निवड घराशी सुसंगत असावी लागते. रुंद ओटा, जाड खांब आणि पुढे आलेले छप्पर असलेल्या बैठ्या घराला हा भारदस्त दरवाजा शोभतो. उंच, अरुंद दर्शनी भागाच्या घरात तो परका वाटतो.

वारसा

१९७२ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात अमेरिकेतील कला व हस्तकला चळवळीचे मोठे प्रदर्शन भरले. त्यानंतर स्टिकली यांच्या कामाकडे अभ्यासकांचे आणि संग्राहकांचे लक्ष पुन्हा वळले. १९८८ मध्ये त्यांच्या कोलंबस अ‍ॅव्हेन्यूवरील घरातील भांड्यांचे कपाट न्यूयॉर्कमधील क्रिस्टीजच्या लिलावात ३,६३,००० डॉलरना विकले गेले. गायिका व अभिनेत्री बार्ब्रा स्ट्रायसँड या त्याच्या खरेदीदार होत्या. सर्वसामान्यांच्या घरासाठी योजलेल्या साधेपणाला मिळालेली ही किंमत त्यावेळी चर्चेचा विषय ठरली.

भावांनी स्थापन केलेली पेढी १९७४ मध्ये ऑडी कुटुंबाने घेतली. १९८९ मध्ये तिने जुन्या ओक फर्निचरचे उत्पादन पुन्हा सुरू केले. त्याच सुमारास क्राफ्ट्समन फार्म्सच्या उरलेल्या जागेवर घरे बांधण्याची योजना पुढे आली होती. स्थानिक नागरिकांच्या प्रयत्नांनंतर पार्सिपनी-ट्रॉय हिल्स नगर प्रशासनाने ती जागा ताब्यात घेतली. १९९० मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. ओंडक्यांचे घर आता संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुले आहे. स्टिकली यांच्या कल्पनेतील शाळा तेथे भरली नाही, परंतु लाकूड, सांधे आणि घर यांविषयीचा त्यांचा विचार पाहण्यासाठी विद्यार्थी आज त्या वास्तूत येतात.